गरोदरपणात सुया टोचून घ्याव्यात का?

मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेच्या शिवारात कापूस वेचणीला आला की पोटुशी बाईही ओटी बांधून तासावर उभी राहते. संध्याकाळी माकडहाडापासून मांडीपर्यंत कळ निघते. गोळी घ्यावी तर बाळाला काही होईल ही धास्ती. ती अगदीच निराधार नाही. कितीतरी वेदनाशामक गोळ्या गरोदरपणात, विशेषतः २० आठवड्यांनंतर टाळायच्या असतात. त्यामुळे कुणी ‘अ‍ॅक्युपंक्चरने औषधाशिवाय आराम पडतो’ असं सांगितलं की आशा वाटते. कंबरदुखी थांबावी, ओकाऱ्या थांबाव्यात, बाळ सरळ व्हावं आणि बाळंतपण सोपं व्हावं, अशा या आशा आहेत. प्रत्येकीला मिळणारं उत्तर मात्र वेगळं आहे.

आधी प्रत्यक्ष काय करतात ते पाहू. ही सुई भरीव असते आणि तिच्यातून कुठलंही औषध आत जात नाही. जाडी साधारण पाव मिलिमीटर, म्हणजे इंजेक्शनच्या सुईच्या निम्म्याहूनही कमी. बाईला कुशीवर किंवा टेकून बसवतात. दिवस भरत आले की बराच वेळ उताणं झोपवत नाहीत, कारण गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येऊन चक्कर येते. सुया ठरावीक बिंदूंवर हलकेच टोचतात आणि वीस-तीस मिनिटं तशाच ठेवतात. टोचताना मुंगी चावल्यासारखं होतं, मग त्या जागी जडपणा किंवा झिणझिण्या जाणवतात. एका बैठकीत काम होत नाही. आठवड्यातून एक-दोनदा, असं काही आठवडे जावं लागतं. खेड्यातल्या बाईसाठी बुडालेली मजुरी आणि बसभाडं हाही या उपचाराचा खर्चच आहे.

चिनी परंपरा सांगते की शरीरातल्या वाहिन्यांमधून प्राणशक्ती वाहते. अशा वाहिन्या शरीरशास्त्राला सापडलेल्या नाहीत. सुईमुळे मज्जातंतू चेतवले जातात आणि मेंदू एन्डॉर्फिन नावाची स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सोडतो, असं स्पष्टीकरण मात्र प्रयोगांतून पुढे आलं आहे. म्हणूनच दुखण्याच्या बाबतीत या उपचाराची बाजू सगळ्यात बळकट आहे.

स्वीडनमध्ये कटिभागाच्या दुखण्याने बेजार असलेल्या ३८६ गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीचा सल्ला, कमरपट्टा आणि घरचे व्यायाम दिले. दुसऱ्याला त्याच्या जोडीला सुया, तिसऱ्याला खास स्नायू बळकट करणारे व्यायाम. नेहमीच्या उपचारापेक्षा दोन्ही जास्तीचे उपचार सरस ठरले, त्यातही सुया पुढे होत्या. पण २००८ मध्ये त्याच संशोधकांनी खऱ्या सुयांची तुलना त्वचेत न शिरणाऱ्या नकली सुयांशी केली, तेव्हा दुखण्यात ठळक फरक दिसला नाही. माझ्या मते याचा अर्थ असा की आराम खरा असतो, पण त्यातला बराच वाटा अर्धा तास मिळालेल्या विश्रांतीचा आणि कुणीतरी आपल्याकडे नीट लक्ष दिल्याचा असावा. वेचणीच्या दिवसांत तेच आपल्या बायकांना मिळत नाही.

ओकाऱ्यांसाठी मनगटाचा बिंदू वापरतात. तळहाताच्या बाजूला मनगटाच्या घडीपासून तीन बोटं कोपराकडे, दोन शिरांसारख्या कंडरांच्या मधोमध. पुरावा कच्चा आहे, पण तिथे अंगठ्याने दाबून पाहायला पैसे लागत नाहीत. पाणीसुद्धा टिकत नसेल आणि लघवी कमी झाली असेल, तर बिंदू शोधत न बसता दवाखाना गाठावा. तिथे सलाइन लागतं.

तिसरी आशा पायाळू बाळाची. आपल्याकडे पायाळू माणसाचा पाय लागला की उसण जाते म्हणतात, पण असं बाळंतपण आईच्या आणि बाळाच्या जिवावर बेतू शकतं. चिनी पद्धतीत पायाच्या करंगळीच्या नखाशेजारच्या बिंदूला वाळलेल्या वनस्पतीची कांडी पेटवून दुरून शेक देतात. चीनमधल्या २६० स्त्रियांच्या १९९८ च्या अभ्यासात ३३ व्या आठवड्यापासून शेक घेतलेल्यांपैकी ७५ टक्क्यांची बाळं डोक्याकडे फिरली. इतरांत हे प्रमाण ४८ टक्के होतं. म्हणजे जवळपास निम्मी बाळं शेकाविनाही फिरली. नंतरच्या अभ्यासांचे निकाल संमिश्र आहेत. शेक त्वचेला न टेकवता द्यायचा असतो. मेळघाटात तान्ह्यांच्या पोटावर तापल्या लोखंडाने देतात तो डंबा वेगळा, आणि तो अघोरीच. सोनोग्राफी केल्याशिवाय आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेक घेऊ नये.

राहिली सोप्या बाळंतपणाची आशा. सुयांनी सिझेरियन टळतं, असं दिसलेलं नाही.

जाण्याआधी किती महिने झाले ते सांगाच. अंगठा व तर्जनीमधला, घोट्याच्या आतल्या बाजूचा आणि ओटीपोटावरचे काही बिंदू दिवस भरण्याआधी परंपरेनेच टाळायला सांगितले आहेत. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा पूर्वी गर्भपात झाला असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. महाराष्ट्राने या उपचारासाठी स्वतंत्र कायदा केला आहे, तेव्हा सुया टोचणाऱ्याची नोंदणी आहे का हे विचारायला संकोच नको.

आणि ज्या सासूबाई सुनेला सुयांसाठी शहरात न्यायला तयार आहेत, त्यांना एक विनंती. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि लघवीची तपासणी तिथे आधी करून घ्या. अंगावरून रक्त जाणं, डोळ्यांपुढे अंधारी येऊन डोकं दुखणं, बाळाची हालचाल मंदावणं, यांपैकी काहीही दिसलं तर सुई नाही, १०८ ला फोन करा.