समुद्र नसलेल्या मुलखाचे विमान

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा आणि अजिंठ्याचे डोंगर, आणि त्यांच्यामधून पश्चिमेकडे धावणारी तापी, अशी ज्या खानदेशाची बैठक आहे त्याला समुद्राचे दर्शन कधी घडले नाही. त्याचे सारे पाणी समुद्राला मिळते, पण सुरतेपाशी, म्हणजे परक्याच्या अंगणात. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो 1615 साली सुरतेच्या किनाऱ्यावर उतरून बऱ्हाणपुरास निघाला, तेव्हा खानदेशातून जाणारी ती वाट तुडवण्यास त्याच्या लवाजम्याला सुमारे पंधरवडा लागला. पुढे भुसावळचे जंक्शन झाले, सुरतेकडून तापीखोऱ्याची लोहमार्गाची वाट जळगावास येऊन मिळाली, धुळ्याला मुंबई-आग्रा रस्त्याचे महत्त्व आले, आणि मुंबई रात्रभराच्या प्रवासावर आली. तरीही ज्या मुलखाला बंदर नाही, त्याच्या मनात दूरच्या दाराची एक ओढ कायम असते, आणि आमच्या पिढीत त्या ओढीने विमानाचे रूप घेतले.

चारी बाजूंनी भूमीने वेढलेल्या लहान राष्ट्रांची कहाणी या दृष्टीने आपण समजून घेण्यासारखी आहे. नेपाळने 1958 साली आपली सरकारी विमान कंपनी उभी केली. 1964 साली एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने लुक्ला येथे जी धावपट्टी तयार झाली तिची लांबी जेमतेम 527 मीटर आहे, आणि तीही उतारावर, म्हणजे उतरणारे विमान चढावर थांबते व उडणारे विमान उतारावर वेग घेते. भूतानच्या ड्रुक एअरने 1983 साली पारोहून कोलकात्याला पहिले उड्डाण केले, ते अठरा आसनांच्या डॉर्नियर विमानाने. या देशांनी विमानाला वैभवाची वस्तू मानले नाही; डोंगरापलीकडचा दवाखाना, टपाल, औषधे यांचा तो रस्ताच होता, आणि रस्त्याचा खर्च जसा सरकारी खजिन्यावर पडतो तसा त्याचाही पडला.

अशा राष्ट्रांची खरी अडचण मात्र पैशाची नव्हे, परवानगीची असते. 1944 च्या शिकागो करारान्वये प्रत्येक राष्ट्र आपल्या भूमीवरील आकाशाचे पूर्ण धनी आहे. तेव्हा ज्याला समुद्र नाही त्याच्या विमानाला शेजाऱ्याच्या आकाशातूनच बाहेर पडावे लागते, आणि शेजाऱ्याची मर्जी सांभाळावी लागते. खानदेश हे राष्ट्र नव्हे, आणि त्याच्या आकाशाला सरहद्द नाही. परंतु मुंबईचा विमानतळ हा त्याच्या बाबतीत अगदी त्या शेजाऱ्यासारखाच वागतो, असे माझे बरेच दिवसांचे निरीक्षण आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात, म्हणून त्यांचा उपयोग एका वेळी एकीपुरताच होतो, आणि उतरण्या-उडण्याची जी नेमून दिलेली वेळ, जिला त्या व्यवसायात 'स्लॉट' म्हणतात, ती मिळवण्यासाठी साऱ्या देशातील कंपन्यांची चढाओढ असते. अठरा प्रवाशांचे विमान असो की एकशेऐंशींचे, धावपट्टी थोड्याफार फरकाने तेवढाच वेळ अडते; मग लहान गावाच्या लहान विमानाला पहाटेची किंवा संध्याकाळची सोयीची वेळ कोण देणार?

जळगावची धावपट्टी 1973 साली सार्वजनिक बांधकाम खात्याने बांधली, आणि तिच्यावर अनेक वर्षे मंत्र्यांची आणि उद्योगपतींची खासगी विमाने तेवढी उतरत असत. याच जिल्ह्याच्या कन्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपतिपदी असताना तिच्या नूतनीकरणास चालना मिळाली आणि 2012 च्या मार्चमध्ये नवा विमानतळ सिद्ध झाला. इमारत उभी राहिली, विमान मात्र आले नाही. ते आले 'उडान' योजनेमुळे. या योजनेची आरंभीची तजवीज अशी होती, की लहान गावाच्या मार्गावर निम्म्या आसनांचे भाडे तासाभराच्या प्रवासाला सुमारे अडीच हजार रुपयांपलीकडे जाऊ नये, त्यामुळे कंपनीला येणारी तूट तीन वर्षे सरकारने भरून द्यावी, आणि तेवढ्या मुदतीत त्या मार्गाची मक्तेदारी तिच्याकडे असावी. डिसेंबर 2017 मध्ये एअर डेक्कनचे बीचक्राफ्ट विमान मुंबईहून जळगावास आले. या विमानात मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेकच आसन असते, म्हणजे प्रत्येकाला खिडकी. ती सेवा लवकरच खंडित झाली. सप्टेंबर 2019 मध्ये ट्रूजेटची एटीआर विमाने अहमदाबाद आणि मुंबईकडे जाऊ लागली. 2022 च्या आरंभी ती कंपनीच थंडावली. 2024 मध्ये गोव्याच्या फ्लाय91 कंपनीने गोवा, हैदराबाद आणि पुणे या शहरांशी जळगावला जोडले.

या साऱ्या इतिहासात एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा खटकते. आपण उद्घाटनाला हजारोंनी जमतो, पाण्याच्या फवाऱ्यांनी विमानाला सलामी देतो, आणि सहा महिन्यांनी त्याच विमानाचे तिकीट काढताना मनात शंका बाळगतो, की ऐन दिवशी ते येईल ना? माझ्या एका स्नेह्याच्या आईवर मुंबईस शस्त्रक्रिया होती. आदल्या दिवशीचे उड्डाण रद्द झाल्याचा निरोप दुपारी आला, आणि मायलेकांना रात्रीच्या गाडीत आरक्षणाशिवाय बसून जावे लागले. तेव्हापासून त्या घरात विमानाचे नाव निघत नाही. यष्टीची गाडी खिळखिळी असली तरी माणूस तिच्यावर विसंबून मुलीचे लग्न ठरवतो. विमानाबद्दल तसा भरवसा बसण्यास वर्षानुवर्षे एकच वेळापत्रक पाळले जावे लागते. आणि हे तीन वर्षांच्या मुदतीच्या अनुदानाने होण्याजोगे काम नव्हे.

हवाई टॅक्सी हा शब्द या संदर्भात वारंवार ऐकू येतो, म्हणून त्याचाही खुलासा करतो. 1953 च्या कायद्याने देशातील विमानवाहतूक सरकारी महामंडळांच्या स्वाधीन झाली होती. तो कायदा 1994 साली रद्द होण्यापूर्वीच खासगी चालकांना 'एअर टॅक्सी' या नावाने परवाने देण्यात आले, आणि आरंभी त्यांना वेळापत्रक प्रसिद्ध करण्याची मुभा नव्हती. 1993 च्या मे महिन्यात जेट एअरवेजचा आरंभ झाला तो याच प्रकारे. आजही मागणीनुसार उडणारे लहान विमान हाच हवाई टॅक्सीचा अर्थ. रोगी हलवणे, यंत्र बिघडलेल्या कारखान्यात तंत्रज्ञ पोचवणे, अशा कामांना ती उत्तम, पण तिचा खर्च विभागून घेण्यास माणसे थोडी असल्यामुळे भाडे सामान्य माणसाच्या आवाक्यात राहत नाही.

खानदेशाचा उन्हाळाही या हिशेबात धरावा लागतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. हवा तापली की विरळ होते, पंखांना मिळणारा आधार आणि यंत्राची शक्ती दोन्ही घटतात, आणि त्याच विमानाला उडण्यासाठी अधिक लांब धाव घ्यावी लागते. जळगावची धावपट्टी सुमारे सतराशे मीटरची. एटीआरसारख्या पंखा फिरवणाऱ्या विमानाला ती पुरते, मोठ्या जेट विमानाला पूर्ण भार घेऊन पुरत नाही. म्हणूनच ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जाणारे हे सत्तर-पाऊणशे आसनांचे विमान खानदेशाला योग्य, असे मी म्हणतो. त्याचे प्रवासी मागच्या दारातून चढतात. दार खाली उघडते तेव्हा त्याच्याच आतल्या अंगाला पायऱ्या असतात, आणि त्या पायऱ्यांवर पाय ठेवताना, वाकलेल्या पाठीच्या आजीलाही शिडीगाडीची वाट पाहावी लागत नाही. पुण्याहून येताना मी पाहिले, अजिंठ्याचे डोंगर मागे पडले की जमीन एकदम काळी होते, गिरणेचे वाळूचे पात्र दिसते, आणि मग केळीच्या बागांचे हिरवे चौकोन, इतके गर्द, की उन्हाळ्यात तेवढेच डोळ्यांत भरतात.

ती केळी विमानाने जाणार नाहीत. वजनाच्या मानाने त्यांचे मोल थोडे, आणि रावेर-सावद्याहून दिल्लीकडे जाण्यास त्यांना रेल्वेचे डबे आणि मालमोटारीच सोयीच्या. विमान हवे आहे ते सराफ बाजारातल्या व्यापाऱ्याला, ठिबक सिंचनाच्या नळ्या परदेशी विकणाऱ्या कारखानदाराला, हैदराबादेत नोकरी करणाऱ्या यावलच्या मुलाला आणि मघाशी सांगितलेल्या त्या आईला.

धुळ्याजवळ गोंदूर येथे विमानतळ आहे, तेथून प्रवासी जात नाहीत, वैमानिक घडतात. 1928 साली जुहूला स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबला मुंबईचे आकाश अपुरे पडू लागल्यावर त्याने आपले शिकाऊ विद्यार्थी येथे आणले. शिरपूरजवळ तांडे येथेही असेच शिक्षण चालते, आणि 2021 मध्ये विमानतळ प्राधिकरणाने वैमानिक शिक्षणासाठी जे पाच विमानतळ निवडले त्यांत जळगाव आहे. एका सकाळी गोंदूरच्या कुंपणाबाहेर मी उभा होतो. एक लहानसे विमान धावपट्टीला टेकून न थांबता पुन्हा वर उठे, वळसा घेई आणि पुन्हा उतरे. सात-आठ वेळा तेच. शेजारच्या शेतातली पोरे पहिल्या फेरीला 'इमान उनं' म्हणून ओरडली; तिसऱ्या फेरीपासून त्यांनी मान वर केली नाही, आणि ती आपली गुरे हाकत बांधावरून पुढे निघून गेली.