बर्फात साठलेला पाऊस

पर्जन्यमापकाशी आपल्या वाचकांचा परिचय आहेच. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ विली डान्सगार्ड (१९२२–२०११) यांनी जून १९५२ मध्ये कोपनहेगन येथील आपल्या अंगणात बिअरच्या रिकाम्या बाटलीवर नरसाळे बसवून पाऊस धरला. पाऊस किती पडला हे त्यांना मोजावयाचे नव्हते. ते पाणी कसले आहे, हे पाहावयाचे होते. साधन इतके साधे, पण त्यातूनच पुढील संशोधन उभे राहिले.

पाण्यातील प्राणवायूचे काही अणू इतरांहून किंचित जड असतात. बाष्प थंड होऊ लागले म्हणजे जड अणूंचे पाणी आधी गळून पडते. म्हणून थंडी जितकी अधिक, तितका पावसात वा हिमात जड प्राणवायूचा अंश कमी. असे असेल, तर हजारो वर्षांपूर्वी पडून साचलेल्या हिमातही त्या वेळच्या तापमानाची नोंद असलीच पाहिजे, असा तर्क त्यांनी १९५४ साली मांडला. तसा बर्फ निघावयास मात्र बारा वर्षे लागली.

१९६६ साली ग्रीनलंडमधील कॅम्प सेंच्युरी या तत्कालीन अमेरिकी लष्करी तळावर सुमारे १,३९० मीटर खोल छिद्र पाडून बर्फाचा स्तंभ काढण्यात आला. त्याच्या पृथक्करणावरून डान्सगार्ड यांनी सुमारे एक लक्ष वर्षांचे हवामान वाचले. हिमयुगात तेथील तापमान अवघ्या काही दशकांत आठ ते सोळा अंशांनी चढल्याचे पुढील स्तंभांवरून सिद्ध झाले. हवामान सावकाशच पालटते, या समजुतीस हा मोठाच धक्का होता. तेथील अतिथंड कालखंडांत आपले नैर्ऋत्य मोसमी वारेही क्षीण होत, अशी साक्ष अरबी समुद्राच्या तळच्या गाळाने दिली आहे.