तंबाखूचा भाव आणि विम्याचा हप्ता

निपाणी भागात तंबाखूचा पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. माल विकला गेला की हातात पडतो. विम्याचा हप्ता मात्र तारीख चुकवत नाही. भाव पडला की आधी खतवाल्याची उधारी आणि मुलांची फी भागते, पॉलिसी मागे राहते. १९८१ मध्ये याच भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी रस्त्यावर उतरले होते.

वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते. सुरुवातीच्या वर्षांत तीही हुकली, तर पॉलिसी बंद पडते.

दुसरा फटका व्याजदराचा. विमा कंपन्या हप्त्यांचा मोठा भाग सरकारी रोख्यांत गुंतवतात. व्याज उतरले की नव्या गुंतवणुकीचा परतावा घटतो आणि बोनसवर ताण येतो. महागाई तर जुन्या लाखाच्या विम्याचे मोलच खाऊन टाकते.

दिलासाही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी शून्यावर आला. विडी वळणाऱ्या बाईलाही परवडेल अशी प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचे संरक्षण देते. पैसे मेअखेरीस बँक खात्यातून परस्पर वळते होतात. तेव्हा खात्यात शिल्लक हवी.

पॉलिसी बंद पडली असेल, तर ती मोडीत काढण्याआधी शाखेत चौकशी करा. बहुतेक पारंपरिक पॉलिसी ५ वर्षांच्या आत थकबाकी व व्याज भरून पुन्हा सुरू करता येतात.