पहिला खर्डा : आधी शेवट गाठायचा

पटकथेचा पहिला खर्डा लेखक स्वतःसाठी लिहितो. मनात धरलेली गोष्ट शेवटपर्यंत पोचते का, मध्ये कुठे अडते आणि मुळात ती कोणाची आहे, एवढे त्यातून कळले की खर्ड्याचे काम झाले. तरीही बहुतेक नवे लेखक उद्यापासूनच चित्रीकरण सुरू होणार असल्याच्या थाटात तो लिहितात. पहिला प्रसंग आठ वेळा फिरवतात, नायकाचे नाव बदलत राहतात, विसाव्या पानावर आले की पुन्हा पहिल्या पानाकडे वळतात. अशा पटकथांची सुरुवात तुळतुळीत असते आणि शेवट नसतोच. यावर पटकथालेखकांनी काढलेला तोडगा म्हणजे पहिला खर्डा मागे वळून न पाहता, काही दिवसांत किंवा फार तर तीनचार आठवड्यांत लिहून मोकळे होणे. हॉलिवूडमध्ये त्याला 'व्हॉमिट ड्राफ्ट' असे किळसवाणे नाव आहे.

हा तोडगा कथा-कादंबरीपेक्षा पटकथेला अधिक लागू पडतो, कारण पटकथेत एकही प्रसंग स्वतःच्या बळावर उभा नसतो. बाराव्या प्रसंगात नायिका कपाटातून एक पाकीट काढते. तो प्रसंग चांगला की वाईट, हे साठाव्या प्रसंगात त्या पाकिटाचे काय होते यावर ठरते. साठावा लिहिलेलाच नसेल, तर बाराव्यावर कितीही मेहनत घेतली तरी ती अंदाजपंचे. शिवाय कादंबरीतले वाक्य वाचकापर्यंत जसेच्या तसे पोचते. पटकथेतले वर्णन मात्र दिग्दर्शक, छायालेखक आणि नट यांच्या हातून जाते आणि पडद्यावर त्यातला शब्दही दिसत नाही. पुनर्लेखनात अख्खे प्रसंग उडतात, दोन पात्रांचे एक होते, दुपारची भेट रात्रीच्या फोनवर येते. ज्या प्रसंगावर आठवडा घातला तो कापायला जीव होत नाही, मग तो वाचवण्यासाठी लेखक बाकीची गोष्ट वाकवू लागतो. तासाभरात लिहिलेला प्रसंग विनातक्रार केराच्या टोपलीत जातो. भिंती उभ्या राहण्याआधी रंगाची छटा निवडत बसू नये, इतके हे साधे आहे.

'रॉकी' हे याचे सर्वांत गाजलेले उदाहरण. २४ मार्च १९७५ रोजी मुहम्मद अली आणि चक वेपनर यांची मुष्टियुद्धाची लढत झाली. वेपनरला कोणी गंभीरपणे घेत नव्हते. पण नवव्या फेरीत त्याने अलीला खाली पाडले आणि पंधराव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत सामना थांबवला जाईपर्यंत तग धरला. सिल्व्हेस्टर स्टॅलन या फारशी कामे न मिळणाऱ्या नटाने ही लढत पाहिली आणि त्यानंतर लवकरच साधारण साडेतीन दिवसांत एक पटकथा हाताने लिहून काढली; ती टाइप केली त्याच्या पत्नीने. १९७६ मध्ये चित्रपट आला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह तीन ऑस्कर मिळाले.

साडेतीन दिवसांची ही कथा नव्या लेखकांना हमखास ऐकवली जाते. त्या साडेतीन दिवसांत काय लिहिले होते, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. पहिल्या खर्ड्यातला रॉकी बराच रासवट होता. त्याचा प्रशिक्षक मिकी उघड वर्णद्वेषी होता. शेवटी रॉकी मुद्दाम लढत सोडून देतो, असे लिहिले होते. ज्या शेवटासाठी प्रेक्षक आजही हा चित्रपट पाहतात, तो शेवट खर्ड्यात नव्हताच. बदल पुढे चित्रीकरणापर्यंत होत राहिले. रॉकी आणि त्याला आवडणारी एड्रियन बर्फावर फिरायला जातात तो प्रसंग आधी गजबजलेल्या रिंकवर, भरपूर ज्युनिअर आर्टिस्ट घेऊन करायचा होता. सुमारे दहा लाख डॉलरमध्ये आणि २८ दिवसांत उरकायच्या चित्रपटाला ते परवडेना, म्हणून रिंक बंद झाल्यावर तिथल्या माणसाला पैसे देऊन दहा मिनिटे मिळवली आहेत, असे लिहिले गेले. रिकाम्या बर्फावर ती लाजरी मुलगी अडखळत सरकते, तो बाजूने बुटांवर चालत बोलत राहतो आणि रिंकवाला उरलेली मिनिटे ओरडून सांगतो. दोन एकट्या माणसांची गोष्ट इतकी नेमकी त्या गर्दीत सांगता आली नसती. तसेच लढतीच्या भव्य पोस्टरवर रॉकीच्या चड्डीचा रंग चुकला होता. पोस्टर बदलण्याऐवजी रॉकीनेच ती चूक दाखवून द्यावी, असा संवाद घालण्यात आला. पहिल्या खर्ड्याने एवढेच केले होते की बदलायला काहीतरी हातात होते.

मायकल आर्न्ट याचे उदाहरण अधिक शिकवणारे आहे, कारण त्यात दोन्ही बाजू दिसतात. एका अभिनेत्याच्या साहाय्यकाची नोकरी सोडून तो पूर्णवेळ लेखनाकडे वळला आणि मे २००० मध्ये 'लिटल मिस सनशाइन'चा पहिला खर्डा त्याने तीन दिवसांत लिहिला. त्यानंतर त्याच पटकथेवर त्याने शंभराच्या आसपास फेरफार केले. कुटुंबाचा प्रवास आधी मेरिलँडहून फ्लोरिडाकडे होता. पुढे खर्चाच्या हिशेबाने तो न्यू मेक्सिकोहून कॅलिफोर्नियाकडे वळला. २००६ च्या या चित्रपटाच्या पटकथेला ऑस्कर मिळाले. वेगाने लिहा असे सांगणारे अनेक जण तीन दिवसांपाशी थांबतात आणि शंभर फेरफारांचा उल्लेख गाळतात. जॉन ह्यूजने 'द ब्रेकफास्ट क्लब' जुलै १९८२ मध्ये दोन दिवसांत लिहिला, हेही असेच अर्धवट सांगितले जाते. एक शाळा, एक दिवस, पाच मुले अशी आखीव चौकट असल्यामुळेच ते जमले.

वेगाने लिहिणे म्हणजे तयारीविना लिहिणे, ही गफलत सर्वांत महागात पडते. 'टॅक्सी ड्रायव्हर' दहाएक दिवसांत लिहिणारा पॉल श्रेडर घटनांची यादी आधी करतो, प्रत्येकीला किती पाने जातील याचा अंदाज मांडतो आणि कागदावर उतरवण्याआधी गोष्ट लोकांना तोंडी सांगून पाहतो. ऐकणाऱ्याचे लक्ष उडाले की ती जागा कच्ची. मुंबईच्या चित्रपटसृष्टीला हे नवे नाही. निर्मात्याला आणि नटाला नरेशन देण्याची प्रथा तिथे जुनीच आहे. ब्लेक स्नायडरने पटकथालेखनावरच्या आपल्या २००५ च्या पुस्तकात फळ्यावर चार ओळींत चाळीस कार्डे लावायला सांगितले, तर सिड फील्ड छप्पन्न कार्डे सांगत असे. कार्डे किती यापेक्षा प्रत्येक कार्डावर एकच घटना असणे आणि ती कार्डे मागेपुढे हलवता येणे महत्त्वाचे. आपल्याकडे याच टप्प्याला 'वनलाइन' म्हणतात : प्रत्येक सीनसाठी एक ओळ, त्यात कोण, कुठे आणि काय बदलते. ही ओळ लिहिता येत नसेल, तर त्या सीनचे काय करायचे हे अजून ठरलेले नाही.

वनलाइन हाती आली की प्रत्यक्ष लिखाणाचे नियम थोडे आहेत, पण पाळायला कठीण. मागचे वाचायचे नाही. शब्द सुचला नाही तर जागा सोडायची. संवाद सुचला नाही तर त्याचा मथितार्थ लिहायचा. मागे दुरुस्ती लागेल असे लक्षात आले तर कंसात नोंद करायची आणि दुरुस्ती आधीच झाली आहे असे धरून पुढे जायचे. असा खर्डा दिसतो कसा, ते पाहण्यासाठी एक काल्पनिक सीन :

सीन ४१. तालुक्याचा एसटी स्टँड. रात्र.
धाकटा बॅग मांडीवर घेऊन बाकावर. थोरला येतो, धापा टाकत. (कसं कळलं त्याला? बघू.)
थोरला : आईला सांगून तरी निघायचंस.
धाकटा : सांगितलं असतं तर निघता आलं असतं?
(इथे थोरला जमिनीवरून बोलतो. लांबलचक नको. बापाची सही खोटी आहे हे धाकट्याला आत्ता कळतं. म्हणजे कागद सीन १५ मध्ये दिसायला हवा. नोंद.)
शेवटची गाडी लागते. कंडक्टर घंटी देतो. धाकटा उठतो, पण चढत नाही.

सीनमध्ये कच्चेपणा पुष्कळ आहे. थोरला तिथे कसा पोचला ते ठाऊक नाही, महत्त्वाचे बोलणे लिहिलेलेच नाही. पण धाकटा गाडीत चढत नाही, हे निश्चित झाले आणि पुढचा सीन त्यावर उभा राहू शकतो. याच ठिकाणी सीन १५ उघडून कागदाची जागा शोधत बसणारा लेखक त्या रात्री सीन ४२ लिहीत नाही. आठवड्याने त्याला असेही कळू शकते की सहीची भानगडच गोष्टीत नको. मग कागदाची नोंद खोडली की झाले.

तात्पुरते म्हणून लिहिलेले कधी कधी कायमचे ठरते. बिली वाइल्डर आणि आय. ए. एल. डायमंड यांच्या 'सम लाइक इट हॉट' (१९५९) या चित्रपटाचा अखेरचा संवाद जगातल्या सर्वांत प्रसिद्ध शेवटांपैकी एक मानला जातो. डायमंडने सुचवलेला तो संवाद, पुढे याहून चांगले काही सापडेल या भरवशावर, तूर्त ठेवलेला होता. चांगले सापडले नाही आणि तोच पडद्यावर आला. तो संवाद आहेही कुणीच सर्वगुणसंपन्न नसतो अशा अर्थाचा.

रोजचे माप किती असावे? इंग्रजी पटकथेच्या ठरलेल्या मांडणीत एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट धरतात, त्यामुळे पूर्ण लांबीची पटकथा ९० ते १२० पानांची होते. रोज पाच पाने लिहिली तर तीनचार आठवड्यांत ती हातावेगळी होते. व्हिकी किंगने १९८८ मध्ये एकवीस दिवसांत पटकथा लिहिण्याचे पुस्तकच काढले. अमेरिकेतल्या 'स्क्रिप्ट फ्रेन्झी' या उपक्रमात २००८ ते २०१२ या काळात दर एप्रिलमध्ये सहभागी लेखक महिनाभरात शंभर पाने लिहीत. देवनागरीत पानाचे हे माप तंतोतंत लागू होत नाही. टंक, ओळींमधले अंतर आणि मांडणी प्रत्येकाची वेगळी असते. मराठी लेखकाने पानांऐवजी सीन मोजावेत. दिवसाला तीन किंवा चार सीन हा झेपणारा वेग आहे. थांबताना सीन अर्धा सोडावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानापासून सुरुवात होत नाही. हेमिंग्वेही पुढे काय होणार हे माहीत असतानाच थांबावे असे सांगत असे.

आपल्याकडे आणखी एक सोय आहे, तिचा फायदा मात्र पुरेसा घेतला जात नाही. मराठी आणि हिंदी श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद वेगवेगळे येतात. दैनंदिन मालिकांत तर ही कामे बहुधा वेगळी माणसे करतात : पटकथाकार प्रसंगांची रचना देतो, संवादलेखक नंतर त्यात बोलणे भरतो. एकट्याने चित्रपट लिहिणाऱ्यानेही हीच फाळणी स्वतःपुरती करावी. पहिल्या खर्ड्यात तो पटकथाकार असतो. संवादलेखक म्हणून त्याची पाळी नंतर येते. याचे विकृत रूपही इथे होऊन गेले आहे. सेटवर नट तयार बसलेले असताना कोपऱ्यात संवाद लिहिले जात, आणि पहिला खर्डाच शेवटचा ठरे.

खर्डा संपल्यावर तो किमान आठवडाभर बंद ठेवावा. मग एका बैठकीत, हातात पेन न घेता वाचावा. पहिल्या फेरीत फक्त रचना पाहायची : कोणते सीन दोनदा तेच सांगतात, नायक निर्णय घेतो की त्याच्यावर घटना कोसळत राहतात, शेवट सुरुवातीतून आलेला आहे का. पात्रे दुसऱ्या फेरीत आणि संवाद सगळ्यांत शेवटी. हा क्रम उलटला की वेगाने लिहून वाचवलेला वेळ पुन्हा वाया जातो.

सर्वच गोष्टींना ही पद्धत मानवत नाही. रहस्यकथेत एक दुवा चुकला तर मागचे सगळे उसवते. रॉबर्ट टाउनच्या 'चायनाटाउन'चा पहिला खर्डा १८० पानांच्याही पुढे गेला होता आणि रोमान पोलान्स्कीबरोबर बसून तो आटोक्यात आणण्यात सुमारे दोन महिने गेले. माहितीवर उभ्या असलेल्या विषयांत घाई आणखी नडते. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट' (२०१४) मधली कनिष्ठ न्यायालयातल्या संथ कामकाजाची लय मुंबईच्या न्यायालयांत जाऊन बसल्याशिवाय सापडणारी नव्हती, आणि ताम्हाणे तिथे जाऊन बसला होता. सत्यजित राय यांनी तर 'पथेर पांचाली'ची रीतसर पटकथा लिहिलीच नाही. टिपणे आणि रेखाचित्रे यांवर त्यांचे काम भागले. अर्थात तिथे लेखक आणि दिग्दर्शक एकच होते.

पहिला खर्डा निर्मात्याला पाठवू नये. पूर्ण झाल्यावर तो मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवता येतो. सभासदांना ही नोंदणी ऑनलाइन करता येते. तिने मजकूर कोणत्या तारखेला अस्तित्वात होता याचा पुरावा राहतो. कायद्याच्या दृष्टीने खर्डा पूर्ण असणे महत्त्वाचे आहे, कारण कल्पनेवर स्वामित्वहक्क नसतो, तिच्या मांडणीवर असतो. आर. जी. आनंद यांनी आपल्या 'हम हिंदुस्तानी' या नाटकावरून 'न्यू दिल्ली' हा चित्रपट बेतल्याचा दावा केला होता, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हाच निकष लावला आणि दावा फेटाळला. केवळ चर्चेत किंवा नरेशनमध्ये सांगितलेल्या कल्पनेला हे संरक्षण जवळजवळ नाहीच. प्रसंग, पात्रे आणि त्यांचा क्रम लिहून काढलेल्या शंभर कच्च्या पानांना ते मिळते.