लष्करी विमानांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती : छंद आणि साधनचिकित्सा

प्रस्तावना

छंद म्हणजे फावल्या वेळाचा विरंगुळा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि नाणी, टपाल तिकिटे आणि जुनी हस्तलिखिते यांच्या संग्राहकांनी इतिहासलेखनास पुरविलेली सामग्री लक्षात घेता ही समजूत अपुरी ठरते. लष्करी विमानांच्या प्लास्टिकच्या प्रतिकृती जोडणे व रंगविणे हा छंद मात्र आजही बहुधा खेळण्यांच्या सदरात टाकला जातो. या छंदाचे स्वरूप, त्याचा विकास आणि त्यामागील ज्ञानव्यवहार यांचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. प्रतिकृतीवर चढविलेला प्रत्येक रंग हे भूतकाळाविषयी केलेले एक विधान असते आणि अन्य कोणत्याही ऐतिहासिक विधानाप्रमाणे त्यालाही पुरावा द्यावा लागतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन होय. विवेचनासाठी ब्रिटनच्या सुपरमरीन स्पिटफायर या लढाऊ विमानाचे, विशेषतः १९४० सालातील त्याच्या रंगसंगतीचे उदाहरण घेतले आहे.

प्रमाणाची संकल्पना

मूळ वस्तूची सर्व मापे एकाच गुणोत्तराने लहान करून घडविलेली वस्तू म्हणजे प्रमाणबद्ध प्रतिकृती. विमानांच्या बाबतीत १/७२, १/४८ आणि १/३२ ही प्रमाणे विशेष रूढ आहेत. १/७२ हे प्रमाण वरवर पाहता विचित्र वाटते. पण त्याचे मूळ फूट-इंचाच्या मापनपद्धतीत आहे. या प्रमाणात एक इंच म्हणजे प्रत्यक्षातील सहा फूट. म्हणजेच सहा फूट उंचीचा वैमानिक प्रतिकृतीत बरोबर एक इंचाचा होतो. स्पिटफायरच्या पहिल्या आवृत्तीच्या पंखांचा विस्तार सुमारे ११.२३ मीटर होता. १/७२ प्रमाणात तो सुमारे १५६ मिलिमीटर, तर १/४८ प्रमाणात सुमारे २३४ मिलिमीटर भरतो.

गुणोत्तराचा हा हिशेब उलट दिशेने मांडला की प्रतिकृतीतील दोष स्पष्ट होतात. १/७२ प्रमाणात पंखावर अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा रिव्हेट दाखविला, तर प्रत्यक्ष विमानावर तो ३६ मिलिमीटरचा होईल. असा रिव्हेट स्पिटफायरवर कोठेही नव्हता. जुन्या प्रतिकृतींवरील ठळक रिव्हेट जाणकार छंदिष्ट घासून काढतात, ते याच कारणाने. रंगाच्या थराचेही तसेच आहे. म्हणून तो शक्य तितका पातळ ठेवावा लागतो.

छंदाचा उगम आणि विकास

ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकाच्या प्रारंभी जेम्स हे स्टीव्हन्स यांनी ‘स्कायबर्ड्स’ या नावाने लाकूड व धातू यांचे १/७२ प्रमाणातील विमानसंच तयार केले. हे प्रमाण रूढ होण्यात या संचांचा मोठा वाटा आहे. त्यानंतर १९३६ मध्ये ‘फ्रॉग’ या नाममुद्रेखाली ‘पेंग्विन’ ही प्लास्टिक संचांची मालिका निघाली. हे संच सेल्युलोज ॲसिटेटचे असत. काळाच्या ओघात हा पदार्थ वाकतो व आकसतो, ही त्याची मोठी उणीव होती.

दुसऱ्या महायुद्धात प्रतिकृतीला गंभीर कार्य प्राप्त झाले. आकाशातील विमान आपले की शत्रूचे, हे काही क्षणांत ओळखणे सैनिकांच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न होता. त्यासाठी १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने देशातील शाळकरी मुलांना प्रतिकृती घडविण्याचे आवाहन केले. विमानांचे ५० प्रकार आणि प्रत्येकाच्या १०,००० याप्रमाणे एकूण ५,००,००० लाकडी प्रतिकृतींची मागणी होती. प्रमाण १/७२ हेच होते. या प्रतिकृती काळ्या रंगविल्या जात, कारण दूरच्या विमानाची केवळ छायाकृती दिसते आणि ओळखायची तीच असते. येथे एक महत्त्वाचा मुद्दा लक्षात येतो. प्रतिकृतीला कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे आहे, त्यावर तिचा रंग ठरतो. ‘हे कोणते विमान?’ या प्रश्नाला काळा रंग पुरेसा होता. ‘हे विमान अमुक दिवशी कसे दिसत होते?’ हा प्रश्न युद्धानंतर छंदिष्टांनी विचारला आणि त्याचे उत्तर अधिक कठीण निघाले.

युद्धोत्तर काळात पॉलिस्टायरीन आणि इंजेक्शन मोल्डिंग यांमुळे संच स्वस्त झाले. निकोलस कोव्ह यांनी १९३९ मध्ये स्थापन केलेल्या ‘एअरफिक्स’ या ब्रिटिश कंपनीने १९५२ मध्ये ‘गोल्डन हाइंड’ जहाजाचा छोटा संच वूलवर्थच्या दुकानांतून विक्रीस आणला. त्याच दशकात तिचा १/७२ प्रमाणातील पहिला स्पिटफायर बाजारात आला. ‘बीटी-के’ ही अक्षरे धारण करणाऱ्या या प्रतिकृतीचा आकार मूळ विमानाशी नीट जुळत नव्हता. मात्र संच स्वस्त असल्याने तो असंख्य मुलांच्या हाती गेला. पुढे हीच पिढी प्रौढ होऊन अचूकतेची मागणी करू लागली. जपानमध्ये शिझुओका येथील तामिया व हासेगावा या कंपन्यांनी साच्यांच्या दर्जात मोठी प्रगती केली.

बांधणीची प्रक्रिया

संचातील सुटे भाग प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात. ते कापून, कानस व पॉलिश पेपरने कडा साफ करून जोडले जातात. पॉलिस्टायरीनसाठी वापरले जाणारे द्रव सिमेंट हे डिंकाप्रमाणे दोन पृष्ठभागांमध्ये थर बनून राहत नाही. ते दोन्ही कडांचे प्लास्टिक किंचित विरघळविते आणि द्रावक उडून गेल्यावर त्या कडा एकजीव होतात. उरलेल्या फटी पुट्टीने भरून घासल्या जातात. वैमानिकाची बैठक व आतील भाग धडाचे दोन अर्ध जोडण्यापूर्वीच रंगवावे लागतात.

बाह्य रंग ब्रशने किंवा एअरब्रशने दिला जातो. त्यानंतर चिन्हे व अक्षरे यांसाठी पाण्यात भिजवून सरकविण्याची डेकल वापरतात. खडबडीत मॅट रंगावर डेकल लावल्यास तिच्याखाली हवेचे सूक्ष्म कण अडकून चंदेरी चकाकी दिसते. म्हणून प्रथम चकचकीत वार्निशचा थर, त्यावर डेकल आणि शेवटी मॅट वार्निश असा क्रम पाळला जातो. या सर्व कृती सरावाने साध्य होतात. खरी अडचण निर्माण होते ती रंगाची डबी उघडण्यापूर्वी.

१९४० सालातील स्पिटफायर : एक रंगप्रश्न

स्पिटफायरचा वरचा भाग गडद हिरवा व मातकट तपकिरी अशा पट्ट्यांचा असे. यात फारसा वाद नाही. वाद आहे तो खालच्या भागाचा. युद्धाच्या प्रारंभी डाव्या पंखाची खालची बाजू काळी व उजव्या पंखाची पांढरी ठेवली जाई, जेणेकरून जमिनीवरील निरीक्षकांना व तोफचींना आपले विमान ओळखता यावे. काही विमानांत ही विभागणी पंखांपुरती असे, तर काहींत ती धडाच्या खालूनही जाई. जून १९४० मध्ये संपूर्ण खालचा भाग ‘स्काय’ नावाच्या फिकट हिरवट छटेत रंगविण्याचा आदेश निघाला. पण आदेश निघाला म्हणून रंग उपलब्ध झाला असे नव्हे. पुरवठा अपुरा असल्याने निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या निळसर-हिरवट छटा वापरल्या गेल्या. नोव्हेंबर १९४० च्या अखेरीस डावा पंख खालून पुन्हा काळा करण्यात आला आणि शेपटीजवळ ‘स्काय’ रंगाचा पट्टा आला. ऑगस्ट १९४१ मध्ये तर वरच्या तपकिरी रंगाची जागा करड्या रंगाने घेतली.

तात्पर्य, केवळ ‘स्पिटफायर’ रंगविता येत नाही. विशिष्ट तुकडीचे, विशिष्ट क्रमांकाचे आणि विशिष्ट काळातील विमानच रंगविता येते. पी ९३७४ या क्रमांकाचे स्पिटफायर या दृष्टीने बोलके उदाहरण आहे. २४ मे १९४० रोजी वैमानिक पीटर काझनोव्ह यांना ते फ्रान्समधील कॅले येथील समुद्रकिनाऱ्यावर उतरवावे लागले. काझनोव्ह युद्धकैदी झाले आणि विमान वाळूत गाडले गेले. १९८० मध्ये ते वाळूतून वर आले. पुढे त्याची पुनर्बांधणी होऊन २०११ मध्ये त्याने पुन्हा उड्डाण केले. ‘स्काय’ रंगाचा आदेश निघण्यापूर्वीच हे विमान पडले होते. त्यामुळे त्याची प्रतिकृती करणाऱ्याने खालचा भाग फिकट हिरवा रंगविला, तर ती चूक केवळ रंगाची राहत नाही. ती कालविपर्यासाची चूक ठरते.

पुराव्यांची चिकित्सा

अशा प्रश्नांसाठी छंदिष्टासमोर प्रामुख्याने चार प्रकारची साधने असतात आणि प्रत्येकाला मर्यादा आहेत.

(१) शासकीय आदेश : काय करावयाचे होते हे आदेशावरून कळते, प्रत्यक्षात काय झाले हे कळत नाही.

(२) समकालीन छायाचित्रे : ही बहुतांशी कृष्णधवल आहेत. त्या काळी वापरात असलेली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबड्या प्रकाशाला संवेदनशील नव्हती. परिणामी तांबडा रंग काळा, पिवळा रंग गडद आणि निळा रंग फिकट उमटे. ब्रिटिश चक्रचिन्हाचे पिवळे बाह्यवलय अशा छायाचित्रात काळसर दिसते. फिल्मचा प्रकार न ओळखता करड्या छटेवरून रंगाचा निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे असते.

(३) अवशेष व संग्रहालयातील विमाने : लंडनच्या इम्पीरिअल वॉर म्युझियममधील आर ६९१५ हे विमान १९४० च्या हवाई युद्धात लढलेले आहे. मात्र अशा विमानांचे रंग दुरुस्तीच्या वेळी वारंवार बदललेले असू शकतात. ब्रिटिश वायुसेनेच्या स्मृतिदलातील विमाने तर वेळोवेळी वेगवेगळ्या तुकड्यांच्या रंगांत मुद्दाम रंगविली जातात. विमान अस्सल असले तरी त्यावरील रंग अस्सल असतोच असे नाही.

(४) प्रत्यक्षदर्शींच्या आठवणी : त्या जिवंत असतात, पण छटेच्या बाबतीत स्मृती फारशी विश्वासार्ह नसते.

इतिहासाच्या अभ्यासकाला ही यादी परिचित वाटेल. आदेश, चित्र, वस्तू आणि स्मृती यांना परस्परांच्या कसोटीवर घासून पाहणे यालाच साधनचिकित्सा म्हणतात.

भारतीय संदर्भ

हा विचार भारतीय वायुसेनेच्या विमानांनाही लागू पडतो. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिश व भारतीय विमानांच्या चक्रचिन्हातील तांबडा वर्तुळभाग काढून टाकण्यात आला, कारण जपानी विमानांवरील तांबड्या सूर्यबिंबाशी त्याचा घोटाळा होण्याची शक्यता होती. त्याऐवजी निळ्या रंगाच्या दोन छटांचे चिन्ह आले. या आघाडीवर भारतीय वैमानिकांची ८ क्रमांकाची तुकडी स्पिटफायर विमाने चालवीत होती. तिच्या विमानाची प्रतिकृती तांबड्या ठिपक्याच्या युरोपीय चिन्हासह रंगविल्यास ती चुकीची तर ठरतेच, शिवाय ते चिन्ह ज्या प्राणघातक शक्यतेमुळे बदलले गेले तिचाही विसर पडतो. प्रजासत्ताकाच्या काळात केशरी, पांढरा व हिरवा हे रंग असलेले चिन्ह आले. भारतीय हवाई इतिहासाचा एक संक्षिप्त आलेख या चिन्हांतूनच वाचता येतो.

प्रतिकृतीच्या मर्यादा

अचूकतेचा हा ध्यास निर्दोष आहे असे मात्र म्हणता येत नाही. कपाटातील विमान स्वच्छ असते. त्याच्या तोफांनी केलेला संहार व त्यात होरपळलेला वैमानिक तेथे दिसत नाही. चिन्हांच्या बाबतीत हा पेच अधिक तीव्र होतो. नाझी राजवटीच्या स्वस्तिक चिन्हाच्या सार्वजनिक प्रदर्शनावर जर्मनीच्या दंडसंहितेत निर्बंध आहेत. त्यामुळे तेथील बाजारासाठीच्या संचांच्या डेकलमधून ते चिन्ह बहुधा गाळलेले असते. ते दाखविल्याने अत्याचारी सत्तेचा गौरव होण्याचा धोका असतो आणि गाळल्याने ते विमान कोणत्या सत्तेसाठी लढले हे झाकले जाते. या पेचाचे उत्तर रंगाच्या डबीत नाही. प्रतिकृतीसोबत विमानाचा क्रमांक, दिनांक व वैमानिकाचे पुढे काय झाले, याची नोंद ठेवणे हा त्यावरील एक साधा उपाय होय.

निष्कर्ष

१. प्रतिकृतीनिर्मिती हे केवळ हस्तकौशल्य नसून त्यात मापन, रसायन, छायाचित्रण व इतिहास यांचे ज्ञान एकत्र येते.

२. प्रतिकृतीचा रंग हे ऐतिहासिक विधान आहे. आदेश आणि प्रत्यक्ष व्यवहार यांतील अंतर १९४० सालातील स्पिटफायरच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

३. इतिहासपद्धतीच्या अध्यापनात हे उदाहरण उपयुक्त ठरू शकते. एखादे कृष्णधवल छायाचित्र देऊन ‘यातील विमान कोणत्या रंगाचे होते व कशावरून?’ असा प्रश्न विचारल्यास विद्यार्थ्याला साधनचिकित्सेची गरज व्याख्येआधीच उमगेल.

४. पुरावा अपुरा असताना छंदिष्टाला अखेरीस एक छटा निवडावीच लागते. ब्रश कोरडा ठेवून प्रतिकृती पूर्ण होत नाही. ती निवड कोणत्या आधारावर केली हे सांगता येणे, एवढीच प्रामाणिकपणाची कसोटी होय. इतिहासलेखकाची स्थितीही याहून वेगळी नसते.