‘सल्ला’ आणि ‘सहकार्य’ : भारत-भूतान करारातील एका कलमाचा अर्थविचार

दोन शेजारी राष्ट्रांमधील करार हा राजनीतीचा विषय असला, तरी त्याला अस्तित्व लाभते ते भाषेमुळे. यास्तव कराराची वाक्यरचना तपासली असता त्या राष्ट्रांच्या परस्परसंबंधांवर प्रकाश पडू शकतो. भारत व भूतान यांच्या करारातील दुसरे कलम या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

८ ऑगस्ट १९४९ रोजी दार्जिलिंग येथे झालेल्या करारातील या कलमात दोन वाक्ये होती. भूतानच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करण्याची हमी पहिल्या वाक्यात भारत सरकारने दिली होती. तर परराष्ट्रसंबंधांत भारत सरकारच्या सल्ल्यानुसार चालण्यास भूतान सरकारने दुसऱ्या वाक्यात मान्यता दिली होती. ही शब्दयोजना नवी नव्हती. १९१० च्या पुनाखा करारात ब्रिटिश सरकारने केलेलीच योजना येथे पुन्हा आली. बदल झाला तो मुख्यतः एका पक्षाच्या नावात. साम्राज्य गेले, त्याचे वाक्य मात्र उरले.

आता या वाक्यातील अर्थाची अडचण पाहू. सल्ला न मानण्याची मोकळीक ‘सल्ला’ या शब्दातच अभिप्रेत असते. आज्ञेत ती नसते. परंतु त्यानुसार चालण्याचे ‘मान्य केले’ असे म्हणताच त्या मोकळिकीवर बंधनाची छाया पडते. सल्ला मागितलाच पाहिजे की काय, याविषयीही कलम मौन बाळगते. त्यामुळे सल्ला बंधनकारक आहे असा एक, आणि तो विचारात घेऊन निर्णय स्वतंत्रपणे करावा असा दुसरा, असे दोन अर्थ संभवत होते.

या दोहोंचा निवाडा कोशाने केला नाही, व्यवहाराने केला. १९६२ मध्ये भूतान कोलंबो योजनेत सामील झाला आणि १९७१ मध्ये भारताच्या पाठिंब्याने संयुक्त राष्ट्रांचा सभासद झाला. १९८४ पासून त्याने चीनशी सीमाप्रश्नावर थेट वाटाघाटी सुरू केल्या. भारताने ज्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केलेली नाही, तो भूतानने १९८५ मध्ये स्वीकारला. त्याच वर्षी तो ‘सार्क’चा संस्थापक सभासदही झाला. कलमाचा एक शब्दही न बदलता त्याचा अर्थ असा पालटत गेला.

८ फेब्रुवारी २००७ रोजी नव्या करारावर सह्या झाल्या, तेव्हा शब्द या व्यवहाराशी जुळते झाले. ‘सल्ला’ गेला. राष्ट्रीय हिताच्या प्रश्नांवर दोन्ही सरकारे एकमेकांशी निकट सहकार्य करतील, असे वाक्य आले. व्याकरणाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. पूर्वी दोन कर्ते व दोन असमान क्रिया होत्या. आता संयुक्त कर्ता, एकच क्रिया आणि ‘एकमेकांशी’ हे परस्परवाचक पद आहे.

तथापि रचनेची समता म्हणजे परिस्थितीची समता नव्हे. त्याच कलमात, दुसऱ्याच्या सुरक्षिततेस बाधक अशा कृत्यांसाठी कोणत्याही सरकारने आपली भूमी वापरू देऊ नये, असेही म्हटले आहे. हे बंधन दोघांवर सारखेच आहे. परंतु ईशान्य भारतातील बंडखोरांचे तळ हटविण्यासाठी भूतानने डिसेंबर २००३ मध्ये केलेली लष्करी कारवाई ध्यानी घेता, या वाक्यामागील चिंता अधिककरून कोणाची, हे उघड होते. यास्तव कराराच्या अभ्यासकाने शब्दांबरोबर ते वापरणाऱ्यांचे बलाबलही पाहिले पाहिजे. लहान शेजाऱ्याला शब्दांतील समतेचे मोल असते. कारण पुढील वाटाघाटीत आधारासाठी तो त्याच शब्दांकडे बोट दाखवू शकतो.