फसलेला पलटा, पिकलेला हशा
पाककृतीच्या प्रात्यक्षिकात प्रेक्षकांचे लक्ष उडते ते कांदा लाल होईपर्यंतच्या, पाक एकतारी होईपर्यंतच्या रिकाम्या वेळात. तो वेळ हसतखेळत भरावा अमेरिकी पाककलातज्ज्ञ ज्यूलिया चाइल्ड यांनीच. १९६३ साली बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच वाहिनीवर सुरू झालेल्या त्यांच्या ‘द फ्रेंच शेफ’चे चित्रीकरण जवळपास सलग चाले, त्यामुळे फजितीही जशीच्या तशी दिसे. एकदा बटाट्याचा जाड थर उलटवताना त्याचा काही भाग शेगडीवर सांडला. त्यांनी तो हाताने गोळा करून पुन्हा तव्यात थापला. स्वयंपाकघरात एकटे असल्यावर पाहतो कोण, अशी मिश्कील मल्लिनाथीही केली. (त्यांनी कोंबडी जमिनीवर पाडल्याचा किस्सा मात्र निव्वळ दंतकथा.) हशाबरोबर तंत्रही पोचले: उलटवताना हात कचरला की पदार्थ फसतो.